मगाचा कंदील

माझं माहेर रहिमतपूरचं. आमच्या भावकीत घरटी एक माणूस फौजेत, आणि सुट्टीवर आलेला प्रत्येक जण गोष्टी सांगणार. त्यात माझ्या थोरल्या चुलत्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. सुभेदार होऊन घरी आलेले, आवाज खणखणीत. संध्याकाळी अंगणात बाज टाकून बसले की सुरू व्हायचे, "मी म्होरं हाय. माज्यामागं दोघं. बर्फ गुडघ्यापतोर. आन बघतो तर काय, समोरची टेकडी हालतीया!" लढाई वीस वर्षांपूर्वीची, पण ते सांगायला लागले की ती आत्ता, आमच्या तुळशीच्या पलीकडे चाललेली असायची. फक्त एका जागी आले की त्यांच्या बोलण्यातला काळ बदलायचा. पाटणकडचा एक सोबती होता त्यांचा. त्याची पाळी आली की चुलते म्हणायचे, "मग त्यो गेला," आणि उठून माठाकडे जायचे. तांब्याभर पाणी पिऊन परत आले की गोष्ट पुढच्या चौकीवर पोचलेली असायची. आम्हा पोरींना वाटायचं, चुलत्यांना तहान फार.

ती तहान कसली हे मला पुढे कळलं. पण त्यासाठी माझ्या तोंडच्या एका शब्दावर विसंबून एक माणूस जावा लागला.

मी शाळेत मराठी शिकवते. वहीत "काल मी बाजारात जातो" असं दिसलं की लाल रेघ ओढायला माझा हात शिवशिवतो. झालेलं ते झालं म्हणून लिहावं, चाललेलं ते चाललंय म्हणून लिहावं, यात अवघड ते काय? हे मी वर्गात इतक्या वेळा बजावलं आहे की पोरं माझी नक्कल करतात. आणि घरी येऊन मी ही एक गोष्ट लिहायला बसते. आजवर चार वेळा बसले. भूतकाळात लिहिली की गोष्ट सरसर पुढे जाते आणि मधलं नेमकं एक गाळून शेवटाला पोचते. वर्तमानकाळात घेतली की त्या एका जागेशी पेन अडतं, आणि मला स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवतं. माझा माठ तिथे आहे.

तर आज आधी भूतकाळात सांगते. तो मला जमतो.

नव्वद सालानंतर वर्षभरात माझं लग्न झालं आणि मी सांगलीला आले. सासर शहराच्या कडेला, हरिपूरच्या रस्त्याला. मामंजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, हळदीचा व्यापार. घर साधंच होतं, पण मागच्या परड्यात तीन पेवं होती. पेव म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठी. तोंड एका माणसाला कसंबसं उतरता येईल एवढं, आणि खाली पोट खोलीएवढं. आत उसाचं पाचट लावायचं, हळद भरायची, तोंडावर फरशी टाकून माती लिंपायची. मग वर्ष जावो नाहीतर तीन वर्षं जावोत, हळदीला किडा लागत नाही. किडा का लागत नाही, हे सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. आत किड्यालासुद्धा श्वास मिळत नाही म्हणून.

"उघडं पेव दिसलं की लांबून जायचं," त्या म्हणाल्या. "तिथं वाकायचं ते एकाच माणसानं. बाकीच्यांचं तिथं काय काम?"

पेवात उतरून हळद वर काढायचं काम आण्णा करायचे. पन्नाशीचे, किडकिडीत, आणि हाताच्या रेघा कायमच्या पिवळ्या. ते आमचे कुणी नव्हते, पण सगळी गल्ली त्यांना आण्णा म्हणायची, म्हणून मीही. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पेव उघडायचं, आत उतरायचं, हळद पोत्यात भरून दोरीनं वर धाडायची. वर दोन हमाल पोती ओढून घ्यायचे आणि ट्रकमध्ये रचायचे.

पेवाची फरशी काढली की लगेच उतरायचं नसतं. अर्धा दिवस तोंड उघडं ठेवायचं, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची. मग पेटता कंदील दोरीनं आत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूसही जगेल, विझला तर थांबायचं. एवढं त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण आण्णांचा त्यावर स्वतःचा एक कायदा होता. उतरणाऱ्यानं कंदील बघायचा नाही. दुसऱ्यानं बघायचा आणि सांगायचं.

"असं का हो आण्णा? तुमचा जीव, तुम्हीच बघा की," मी एकदा म्हणाले.

"आवं वयनी, उतरनाऱ्याला घाई आसती. टरक हुबा, मालक हुबा, ऊन चढतंय. त्येच्या डोळ्याला इझलेला कंदील बी जळताना दिसतो. ज्याला उतरायचं न्हाई, त्येनंच बघावं."

मला ते फार पटलं. हमाल बघायला नाखूष असायचे, त्यांनाही पोती लवकर हवी असायची. मामंजींना घाई सगळ्यांत जास्त. राहिले मी. नवी सून, बी. ए. झालेली, दुपारभर करायचं काय हा प्रश्न. आण्णांनी मला कंदील बघायला शिकवलं. गुडघे टेकायचे, पदर खोचायचा, दोन्ही हातांनी डोळ्यांवर सावली धरायची. उजेडातून आत बघितलं की आधी नुसता काळोख दिसतो. घाबरायचं नाही, मनात दहा अंक मोजायचे. मग खाली कुठेतरी बोराएवढी ज्योत दिसते.

आण्णा उतरायच्या आधी पेवाच्या काठावर बसायचे, पाय आत सोडून, आमच्या ओसरीकडे पाठ करून. बसून विचारायचे, "जळतोय?" आपण बघून म्हणायचं, "जळतोय." मग ते पेवाला हात लावून कपाळाला लावायचे आणि दोरीला धरून आत जायचे. दुसरं काही बोलायचं नाही. एकदा, अगदी सुरुवातीला, मी ओसरीवरूनच म्हणाले होते, "हो हो, मगाशीच बघितला मी." आण्णांनी पाय बाहेर काढले आणि उभे राहिले. मी त्यांना रागावलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"मगाचा कंदील कामाचा न्हाई, वयनी. मी आत्ता उतरतुया. मला आत्ताचा सांगा."

मी ओशाळले. जाऊन वाकले, दहा अंक मोजले, सांगितलं. पुढची तीन वर्षं मी ती चूक केली नाही, आणि तीन वर्षांत आण्णांचा माझ्यावर इतका विश्वास बसला की ते मागे वळून बघायचंही थांबले. लग्नाआधी माझी आई मला येता-जाता म्हणायची, "उचलली जीभ, लावली टाळ्याला." सासरी येऊन मी ती खोड मोडली, असं मी अभिमानानं तिला पत्रात लिहिलंही होतं.

तो दिवस दिवाळीनंतरचा. मधलं पेव आदल्या दिवशी अर्धं रिकामं झालं होतं. रात्री अवेळी आभाळ भरून आलं, म्हणून मामंजींनी पेवाच्या तोंडावर ताडपत्री टाकून कडेनं दगड ठेवायला लावले. पाऊस काही पडला नाही. सकाळी नऊला ताडपत्री काढली. साडेदहाला कंदील आत सोडला. मामंजी मार्केट यार्डात निघाले होते, जाताना म्हणाले, "बारापर्यंत कुणी उतरू नका." पण ट्रक अकरालाच आला. ट्रकवाल्याला पुढे मिरजेचा माल घ्यायचा होता. त्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी कंदील बघितला होता, तो जळत होता. आण्णांनी विचारलं, मी "जळतोय" म्हणाले, आणि आण्णा उतरले.

पहिलं पोतं वर आलंच नाही. हमालांनी दोरी हलवली, हाका मारल्या. खालून उत्तर नाही. एक हमाल घाईनं काठावर बसला, तेव्हा शेजारचे दोघं धावत आले आणि त्याला काखेत धरून मागे ओढलं. कुणीतरी विहिरीवरचा गळ आणला. घागर विहिरीत पडली की ती काढायचा, चार आकड्यांचा लोखंडी गळ. तो त्यांनी आण्णांच्यासाठी आत सोडला. दोनदा तो रिकामा आला. तिसऱ्यांदा त्याला आण्णांच्या सदऱ्याचा तुकडा लागून आला. मग शेवटी शेजारचा एक जण तोंडाला ओलं फडकं बांधून, श्वास धरून उतरला, आण्णांच्या काखेतून दोरी घालून वर आला आणि परड्यात उलटी करत बसला. आण्णांना वर काढलं तेव्हा त्यांच्या पापण्यांवर हळद होती. मी ती पुसायला गेले तर सासूबाईंनी माझा हात धरला, पोलीस येईपर्यंत हात लावायचा नाही म्हणून.

हवालदार ओसरीवर मांडी घालून बसला आणि मांडीवर पाटी ठेवून माझा जबाब लिहू लागला. भला माणूस होता. आधी पाणी प्या म्हणाला.

"बाई, तुम्ही कंदील बघितला होता?"

"बघितला होता."

"जळत होता?"

"जळत होता."

त्यानं लिहिलं, "सदर कंदील जळत होता असे मी समक्ष पाहिले." मी सही केली.

आता बघा, यात खोटं काही नाही. कंदील मी बघितला होता, साडेदहाला. गुडघे टेकून, दहा अंक मोजून. तेव्हा तो जळत होता. आण्णा उतरले ते सव्वाअकराला. मधल्या पाऊण तासाबद्दल हवालदारानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. "जळत होता" या दोन शब्दांत पाऊण तास आरामात मावला, कुणाला पत्ताही लागला नाही. मी स्वतः त्या दोन शब्दांत गेली कित्येक वर्षं राहिले आहे.

कंदील वर काढला तेव्हा तो विझलेला होता आणि काच फुटलेली होती. गल्लीनं हिशोब जुळवला. कंदील जळत होता, बाईनं समक्ष पाहिला, म्हणजे हवा चांगली होती. हवा चांगली होती, तर माणूस मरतो कसा? म्हणजे दोष माणसाचाच. तोल गेला असणार, लाथ लागून कंदील विझला असणार. तीस वर्षं उतरणाऱ्याचा तोल जातो कसा? घेतली असणार. आण्णा आठवड्याच्या बाजारादिवशी थोडी घ्यायचे, हे खरं होतं. तो दिवस बाजाराचा नव्हता, आणि नंतर उतरलेला शेजारी उलटी करत बसला होता, हे कुणाला आठवलं नाही. सरकारी दवाखान्यातून काय लिहून आलं ते आमच्यापर्यंत पोचलं नाही, आणि गल्लीला त्याची गरजही नव्हती. संध्याकाळी मामंजी चार माणसांत म्हणाले, "सकाळी सकाळीच लावून आला असणार," आणि ते वाक्य गल्लीभर झालं. एरवी मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. आण्णांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "आता बोलून काय? आण्णा परत येणार आहेत का? झाकली मूठ सव्वा लाखाची." मला राग आला नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. मला कुणीतरी गप्प राहा म्हणायला हवंच होतं.

दिवस झाल्यावर आण्णांची बायको आमच्या मागच्या दाराशी आली. तिला मी मावशी म्हणायची. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून ती सासूबाईंना म्हणाली, "लोकं काय बी बोलत्यात. माजा मानूस पेवावर कवाच पिऊन जात न्हाई." जात न्हाई, म्हणाली ती. माणूस जाऊन तेरा दिवस झाले होते आणि तिच्या बोलण्यात तो अजून कामावर जात होता. सासूबाई म्हणाल्या, "झालं ते झालं, बाई. आता कशाला उगाळायचं?" मावशीनं माझ्याकडे बघितलं.

"वयनी, तुमी हुता. तुमी सांगा. शुद्धीत हुते न्हवं?"

"होते," मी म्हणाले.

"मग सांगा की लोकास्नी. माज्या पोरीचं आटपाडीला जमलेलं मोडाय लागलंय. दारूडा पेवात पडून मेला, त्येची पोरगी नको म्हनत्यात."

आतून मामंजी खाकरले. मी मान खाली घातली आणि उभी राहिले. मावशी थोडा वेळ थांबली आणि गेली. आटपाडीचं मोडलं. पुढे त्या मुलीला कर्नाटकात कुठेतरी, दोन मुलं असलेल्या माणसाला दिली.

दोन वर्षांनी नवऱ्याची बदली साताऱ्याला झाली. आम्ही भाड्याची जागा घेतली, मी कोरेगावच्या एका शाळेत लागले. रोज एसटीनं जायचं, यायचं. सांगली सुटली याचा मला आनंद झाला होता, तो मी कुणाला दाखवला नाही. स्वयंपाकात हळद घालताना मात्र मी डबा लांब धरायची. अजून धरते. नवरा म्हणायचा, लांबून टाकतेस म्हणून ओट्यावर सांडते.

त्याच वर्षी मी ही गोष्ट पहिल्यांदा लिहायला बसले. शाळेच्या हस्तलिखितात शिक्षकांनीही काही लिहावं अशी टूम निघाली होती. मी भूतकाळात सुरुवात केली. आण्णा किडकिडीत होते, त्यांचे हात पिवळे होते, त्यांचा एक कायदा होता. छान चाललं होतं. कंदील जळत होता, आण्णा उतरले. इथवर आल्यावर मी वाचून बघितलं आणि मला शिसारी आली. मी पुन्हा जबाबच लिहिला होता, फक्त अक्षर हवालदारापेक्षा चांगलं होतं. फाडून टाकला.

दुसऱ्या खेपेला वाटलं, चुलत्यांसारखं लिहावं. सगळं आत्ता घडतंय असं. आण्णा काठावर बसतात. ट्रकवाला हॉर्न देतो. पण वर्तमानकाळात मधला पाऊण तास उडी मारून ओलांडता येत नाही. आण्णा बसलेत, तर मी कुठे आहे? मी काय करते आहे? कुठे बघते आहे? ते लिहावं लागतं, लिहिल्याशिवाय पुढचं वाक्य येत नाही. मी उठले आणि कुकर लावला. तिसऱ्या वेळी अर्धी भूत आणि अर्धी वर्तमान अशी खिचडी केली, चौथ्या वेळी दुसऱ्याच बाईची गोष्ट म्हणून लिहून बघितली. ती बाई तर माझ्यापेक्षा लबाड निघाली.

दशक संपत आलं होतं तेव्हा सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला आम्ही सांगलीला गेलो. मामंजी थकले होते. पेवं बुजवली नव्हती, पण वर्षं झाली उघडलीही नव्हती, फरश्यांवर गवत माजलं होतं. दुपारी पानं उठल्यावर मी कुणाला न सांगता निघाले. मावशी गावाच्या टोकाला, हळद पॉलिश करायच्या कारखान्यात जायची, हे मला मोलकरणीकडून कळलं होतं. ती बाहेर सावलीत बसून भाकरी खात होती. केस पांढरे झाले होते, त्यावरही पिवळी धूळ होती. तिनं मला ओळखलं. अर्धी भाकरी पुढे केली. मी घेतली.

मी काही विचारायच्या आधी तीच बोलू लागली. बहुतेक रोजच बोलत असावी, ऐकायला कुणी असो नसो.

"सकाळी ते भाकरी बांधून घेत्यात. मी म्हनते, आवं, रातच्याला ताडपत्री टाकली हुती, हवा कोंडली आसंल, आज जरा दमानं घ्या. तर हसत्यात. म्हनत्यात, वयनी हायत वर. त्या बगितल्याबिगर बोलत न्हाईत. मला काय भ्या न्हाई."

मी भाकरी खाली ठेवली. मी तिला सांगून टाकलं. पोस्टमन अकराला येऊन पत्र देऊन गेला होता. रहिमतपूरहून आलेलं, आईनं सांगितलेलं आणि चुलत्यांनी लिहिलेलं. मी ओसरीवर बसून ते वाचत होते. आण्णांनी विचारलं तेव्हा मी उठले नाही. साडेदहाला बघितलेला कंदील मी त्यांना सव्वाअकराला सांगितला.

मावशीनं भाकरीचं फडकं घडी केलं. ती रडली नाही, माझ्या अंगावरही आली नाही. मला वाटत होतं ती मला दोन शिव्या देईल आणि मग मला बरं वाटेल.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "मी कवा म्हनलं ते पिऊन गेलं म्हून? जे म्हनत्यात त्यास्नी सांगा. तुमच्या गल्लीत हुब्या ऱ्हावा आन सांगा."

"सांगते."

"कवा?"

"उद्या सांगते, मावशी."

तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग पदर झटकून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साताऱ्याची पहिली गाडी होती. शाळेत घटक चाचण्या सुरू होत्या, रजा शिल्लक नव्हती, हे सगळं खरं होतं. मी गल्लीतून चालत गेले तेव्हा दोन दारांत बायका सडा टाकत होत्या. एकीनं विचारलं, "निघालात?" मी म्हणाले, "निघाले." पिशवी उचलली आणि स्टँडचा रस्ता धरला.

पुढच्या उन्हाळ्यात मामंजींचं पत्र आलं. घरची ख्यालीखुशाली, दुखण्याची हकीकत, आणि शेवटी समासात आडवी ओळ: पेवात मेला त्या दारूड्याची बायकोही परवा गेली. मी ते पत्र उभ्यानं वाचलं. तेव्हापासून पत्र मी बसून वाचत नाही. पण त्यानं आता कुणाचं काय भलं होणार?

आण्णांना मी एकदा "जळतोय" म्हणाले आणि मावशीला एकदा "सांगते" म्हणाले. दोन्ही वेळा माणूस माझ्या शब्दावर विसंबून गेला. चुलते निदान पाणी पिऊन परत यायचे. मी माठापाशीच उभी राहिले. ती गल्ली आता तशी राहिलेली नाही, निम्मी माणसं गेली, निम्म्यांनी घरं विकली. ज्यांना आठवतं त्यांना आण्णा एवढेच आठवतात, दारू पिऊन पेवात पडलेले. मला उभं राहायला आता हा कागदच आहे. म्हणून पाचव्यांदा, एकदाच, मधलं काही न गाळता.

सव्वाअकरा वाजले आहेत. मी मागच्या ओसरीवर बसले आहे. आईचं पत्र माझ्या हातात आहे. म्हशीला रेडी झाली, आईच्या पायावर आता सूज नाही, खरवस पाठवता येत नाही, असं त्यात आहे. परड्यात आण्णा पेवाच्या काठावर बसतात, पाय आत सोडून, माझ्याकडे पाठ करून. ते शुद्धीत आहेत. त्यांनी एक थेंबही घेतलेला नाही. दोन्ही हमाल ट्रकपाशी गेले आहेत. ट्रकवाला हॉर्न देतो. त्या आवाजात ऐकू जावं म्हणून आण्णा मोठ्यानं विचारतात, "वयनी, जळतोय?" ओसरीपासून पेव दहा पावलांवर आहे. मी उठत नाही. मी पत्रातून मान वर करत नाही.

"जळतोय," मी म्हणते.

आण्णा पेवाला हात लावून कपाळाला लावतात, आणि उतरतात.